बोलवायचं राहिलं

नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या देवांच्या कथा वाचताना मला राहून राहून एकच वाटतं, या घरात रुसलेल्याची समजूत काढणारं कुणी नव्हतं, म्हणून जग बुडालं.

घरातले कर्ते ओडिन. त्यांनी लोकी नावाच्या उचापतखोर गृहस्थाशी रक्ताची शपथ घेऊन भाऊपण जोडलं. लोकीची अपत्यं म्हणजे एक लांडगा, एक पृथ्वीला वेढणारा सर्प आणि एक पाताळाची राणी. शिवाय एकदा लोकी स्वतः घोडी झाला आणि आठ पायांच्या शिंगराची आई बनून परतला. त्याच घोड्यावर पुढं ओडिन रपेट मारतात. या घराची वारसनोंद करायला बसलेला तलाठी दुपारच्या आत रजा टाकील.

ओडिनचा लाडका मुलगा बाल्डर. त्याला मरणाची स्वप्नं पडू लागली, तेव्हा आई फ्रिगनं आग, पाणी, लोखंड, दगड, रोगराई अशा सगळ्यांकडून ‘याला इजा करणार नाही’ म्हणून शपथा घेतल्या. एक बांडगूळ तेवढं राहिलं. लहान आहे, त्याला काय विचारायचं! लोकीनं नेमकं तेच बांडगूळ उचललं, बाल्डरच्या आंधळ्या भावाच्या हाती दिलं आणि बाल्डर गेला. पुढं शिक्षा, सूड, आणि शेवटी रॅग्नारोक, म्हणजे जगबुडी. लोकीचा लांडगा ओडिनना गिळणार, सर्प आणि ओडिनचा दुसरा मुलगा थॉर एकमेकांना संपवणार. गंमत म्हणजे हे सगळं त्यांना आधीच ठाऊक आहे. नशीब ठरवणाऱ्या तीन जणी झाडाखाली बसल्यात. त्यांच्याकडं अर्ज-विनंत्या चालत नाहीत. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या पंडितानं तेराव्या शतकात यातलं बहुतेक लिहून ठेवलं.

बांडगुळाला विचारायचं राहिलं आणि एवढं रामायण झालं. आता आमच्याकडं, कोल्हापुरात या.

इथल्या अंबाबाईच्या हातून कोल्हासुर राक्षस मारला गेला, पण त्याच्या मुलानं, कामाक्षानं, दंड फिरवून देवांची मेंढरं करून टाकली. ते संकट निवारलं त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं. मग विजयाचा सोहळा झाला आणि सगळ्यांना आवतण गेलं. जिनं मेंढरांचे पुन्हा देव केले, तिलाच तेवढं बोलवायचं राहिलं. टेंबलाई रुसली, गावाबाहेरच्या टेकडीवर गेली आणि शहराकडं पाठ करून बसली.

इथं माझा जीव या कथेत अडकतो. आमच्या एका आत्यांना लग्नाची पत्रिका पोस्टानं गेली, हातात दिली नाही, म्हणून त्या मांडवात आल्या, जेवल्या, आहेर केला आणि वर्षभर वडिलांशी बोलल्या नाहीत. पुढं वडील साडीचोळी घेऊन त्यांच्या दारात गेले, तेव्हा कुठं चहा मिळाला. साखर कमी होती म्हणे. अंबाबाईनंही हेच केलं. ‘या’ म्हणून सांगावा धाडला नाही, स्वतः गेली. ती दर आश्विन शुद्ध पंचमीला, ललितापंचमीला, अजून जाते. टाकाळ्यावरून पालखी टेंबलाईच्या टेकडीवर चढते, दोघी भेटतात आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो.

तो कोहळा म्हणजे खुद्द कोल्हासुर! मरण त्याच्याही कपाळी लिहिलेलंच होतं, त्यातून सुटका नव्हती. पण गडी पक्का. मरता मरता त्यानं वर मागून घेतले: गावाला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळ्याचा बळी दे. देवीनं दोन्ही मान्य केले. आज एसटीच्या पाटीवर जिंकलेल्या देवीचं नाव नाही, हरलेल्या राक्षसाचं आहे. लोकीच्या लांडग्याला एवढा मानपान मिळाला असता, तर त्यानं कदाचित ओडिनना गिळलं नसतं.

अंबाबाईच्या सासरचा मामला मात्र अजून मिटलेला नाही. तिरुपतीकडची कथा अशी, की भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले आणि लक्ष्मी, म्हणजे आमची अंबाबाई, चिडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, निघून आली. मागं राहिलेल्या नवऱ्यानं, म्हणजे बालाजीनं, पद्मावतीशी लग्न केलं, त्यासाठी कुबेराकडून कर्ज काढलं, आणि त्याचं व्याज भाविक अजून हुंडीत टाकताहेत. दर नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. पण आमच्या पेठेत ‘बालाजीची बायको’ असं बोलून तर बघा. ‘मागं सिंह दिसत नाही व्हय? ती आदिशक्ती हाय, कुणाची बायको-बियको न्हाई!’ असं ऐकवून वर तांबड्या रश्श्याचा आग्रह होतो. वाद चालू राहतो, शालूही येत राहतो.

टेंबलाईकडं तर आख्खं गावच ये-जा करतं. आषाढात गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवर जातं आणि मग मटणाच्या जेवणावळी उठतात. रुसलेल्या माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं.

तुम्ही येणार असाल तर ललितापंचमीला या. कोहळा फुटला की त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते, तेव्हा नवीन चप्पल घालून येऊ नका. आणि येताना कुणाला घ्यायचं राहिलं नाही ना, ते गाडी सुटायच्या आत मोजून घ्या.