लाइन येते का, थे पाहा

दिवाळीच्या आसपास रात्री गोंदियाहून नागऱ्याला गाडीनं येणं म्हणजे तुडतुड्यांच्या लग्नात आमंत्रणाशिवाय घुसणं. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत आलेलं असतं, बांध्यांमधलं पाणी आटत आलेलं असतं, आणि हेडलाइट लावला की मावा, तुडतुडा आणि ज्यांची नावं फक्त कृषी सहायकालाच ठाऊक, असे सगळे पाहुणे काचेवर येऊन आपटतात. त्या रात्री मी स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. वायपर फिरला, पाणी आलं नाही. वायपरनं मोठ्या निष्ठेनं तुडतुड्यांची चटणी काचभर सारवली. मग खिडकीतून मान बाहेर काढून, रेल्वेच्या ड्रायव्हरसारखा, मी घर गाठलं.

घरी येऊन प्रकार सांगितला, तर बायको म्हणाली, "आपल्या महादेवाकडे बघा. पिंडीवरच्या गळतीला ना मोटर, ना फ्यूज. थेंब चुकतो का कधी?"

नागऱ्यात राहणाऱ्याला महादेवाचं उदाहरण द्यायला लांब जावं लागत नाही. गावचं शिवमंदिर जुनं आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. मी तिला समजावलं, की गळती पिंडीच्या वर टांगलेली असते, म्हणून पाणी आपोआप खाली येतं. गाडीत बाटली खाली आणि काच वर. पाणी चढवायचं तर पंप हवाच.

"मग बाटली टपावर ठेवा," ती म्हणाली. शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक नव्हती, म्हणून मी विषय बदलला. वायपरचा शोध एका बाईनं लावला, हे सांगितलं. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. गाडीच्या आतून हातानं दांडा फिरवायचा आणि बाहेर रबर काच पुसणार. पण कंपन्यांना त्यात पैसा दिसला नाही. पुढे पेटंटची मुदत संपली आणि वायपर गाडीगाडीला लागले, बाईंच्या हाती काही आलं नाही.

"पुसायचं बाईला सुचलं," बायको म्हणाली. "पाण्याचं काम कुणा पुरुषानं जोडलं असेल. तेच बिघडलंय."

मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या पोरांना विद्युत मोटर, दुभंगलेली कडी, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, सगळं फळ्यावर काढून दाखवतो. दिवाळीची सुट्टी होती. बारा व्होल्टच्या एका मोटरीसाठी मेकॅनिककडे जाणं हा माझ्या पदवीचा अपमान झाला असता.

सकाळी कामाला लागलो. बाटलीत पाणी होतं. बायकोच्या सेफ्टी पिननं नोझलची भोकं टोचली. फरक शून्य. मग फ्यूजचा डबा उघडला. झाकणावरचा नकाशा इतका बारीक होता, की तो वाचण्यासाठी भिंग शोधण्यात पाऊण तास गेला. वायपर आणि पाण्याचा पंप, दोघांचा फ्यूज एकच निघाला. वायपर फिरत होता, म्हणजे फ्यूज शाबूत होता. हे मला तो उपसून, उन्हात धरून, पुसून परत बसवल्यावर सुचलं. बसवला तो शेजारच्या खाचेत. आता वायपरही बंद झाला. तो पुन्हा मूळ जागी आणेपर्यंत कुंपणाशी शेजारचे काकाजी येऊन उभे राहिले होते. सोबत दहावीतला नातू.

"काय हून रायलं जी गुरुजी?"

"काचेवर पाणी येत नाही, काकाजी. पंपानं हवा धरली असणार."

"पंप हाय कोठी?"

"बाटलीच्या बुडाशी."

"मंग पान्यात डुबून हाय ना! हवा कोठून धरन?"

माझा पहिला सिद्धांत असा उभ्या उभ्या बुडाला. इथे एक सांगायला हवं. आमचा भाग धानाचा. रोवणीपासून लोंबी भरेपर्यंत माणसाचा जीव पाण्यात आणि पाण्याचा जीव मोटरीत. रात्रीची लाइन आली की टॉर्च घेऊन बांधीवर जायचं, स्टार्टर दाबायचा आणि अंधारात कान लावायचा. या शिक्षणाला पुस्तक नाही, पण नापास झालं की पीक जातं. काकाजींची मोटर पाच एचपीची, म्हणजे सुमारे ३७०० वॅट. माझ्या गाडीतला पंप चाळीसेक वॅटचा. तत्त्व मात्र तेच, पंखा गरगरा फिरवायचा आणि पाणी कडेला फेकायचं. मी ते तत्त्व शिकवत होतो. काकाजींनी ते विहिरीतून दोरखंडानं वर ओढलं होतं.

"मोटर बोलते का?" काकाजींनी विचारलं.

"बोलते म्हणजे?"

"घूं घूं करते का? बोलत असन अन् पानी नसन, तं कचरा. मुकी असन, तं एकतर लाइन नाही, नाहीतर मोटर गेली."

बारा वर्षांच्या नोकरीत इतकं नेटकं निदान मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद, चावी अर्धी फिरवलेली. मी आणि काकाजी डाव्या चाकाशी जमिनीवर कान लावून आडवे. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. एकानं हळूच विचारलं, "कोनाले लागलं का जी?"

"ओढ!" मी ओरडलो. वायपर खरखरला. खाली शांतता.

"मुकी हाय," काकाजी उठत म्हणाले. "आता लाइन येते का, थे पाहा."

लाइन पाहायची तर पंपापर्यंत पोचायला हवं, आणि पंप बंपरच्या मागे लपलेला. चाक पूर्ण वळवलं आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवायला घेतलं. ते पाच क्लिपांवर बसलेलं होतं. त्यातल्या दोन निघाल्या, दोन तुटल्या, एक उडून कोंबडीच्या खुराड्यात गेली. तिची वारसा नोंद अजून लागलेली नाही.

तोवर काकाजी घरून टेस्ट लॅम्प घेऊन आले. होल्डर, त्यात बल्ब, दोन वायरी. मी छाती पुढे काढून सांगितलं, की हा २३० व्होल्टचा बल्ब आहे, बारा व्होल्टवर पेटणारच नाही. दिवसभरातला तो माझा एकमेव विजय. तो नीट साजरा करायच्या आत नातू ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा बल्ब घेऊन आला. सॉकेट काढून त्यात बल्बच्या वायरी धरल्या, बायकोनं दांडी ओढली आणि बल्ब लख्ख पेटला.

"लाइन हाय. मोटर गेली," काकाजींनी निकाल दिला.

खात्रीसाठी पंप उपसला. तो बाटलीच्या रबरी बुचात नुसता दाबून बसवलेला असतो, हे कळलं तेव्हा बाटलीतलं सगळं पाणी माझ्या बाहीतून काखेपर्यंत आलं होतं. पंप थेट बॅटरीला लावला. त्यानं एक आचका दिला आणि तो गेला. तोंडाशी हिरवट शेवाळ, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि मीच कधीतरी ओतलेल्या शाम्पूचा साका. वायरींच्या फटीतून तांबूस पाणी ठिबकत होतं. सील फुटून पाणी मोटरीत गेलं होतं.

दुपारी गोंदियाला गेलो. तिथल्या बाजारात हिंदीच चालते. दुकानदाराला म्हणालो, "वॉशर पंप चाहिए." त्यानं लोखंडी चकत्यांचा डबा काउंटरवर उपडा केला. "कितने नंबर का वॉशर?"

"वो नहीं. वाइपर का."

त्यानं वायपरची मोठी मोटर आणून ठेवली. दोन किलोची सहज असेल. शेवटी मी बाटली काढून दाखवण्याचा मूकाभिनय केला. "अच्छा, पानी की मोटर! ऐसा बोलो ना मास्टरजी." घरोघरी तिला काय म्हणतात, हे एवढ्या शिक्षणानंतर मला बाजारात कळलं. पंप आणि नवं रबरी बूच घेतलं. मात्र पंपाला खटक्यानं बसणारं सॉकेट नव्हतं, नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. "जोड़ लेना, कुछ नहीं होता," तो म्हणाला.

बूच ओलं केलं की पंप चटकन बसतो. वायरी पिळून, टेप गुंडाळून जोडल्या. कोरडा पंप फिरवायचा नसतो, म्हणून आधी बाटली भरली. यावेळी गाळलेल्या पाण्यानं. आतापर्यंत अंगणात पंधरा माणसं जमली होती. बायकोनं दांडी ओढली. पंप बोलला! आणि नोझलमधून म्हाताऱ्याच्या लाळेसारखं पाणी बॉनेटवर ओघळलं.

"डुप्लिकेट माल," मी म्हणालो. "व्होल्टेज कमी असेल. पाइपात अडथळा असेल. नोझलमध्ये..."

काकाजी कान देऊन ऐकत होते. माझं नव्हे, मोटरीचं. "गुरुजी, मोटर उलटी फिरून रायली."

मी हसलो. मग हसू आवरलं. शेतात थ्री-फेजच्या वायरी चुकून बदलल्या, की मोटर उलटी फिरते आणि पाणी अर्धवट फेकते, हे काकाजींनी आयुष्यभर पाहिलेलं. आणि डीसी मोटरीत धारेची दिशा बदलली की फिरण्याची दिशा बदलते, हे मी वर्षानुवर्षं शिकवलेलं. जोडताना मात्र मी वायरींच्या रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. टेप सोडला, वायरींची अदलाबदल केली. बायकोनं दांडी ओढली आणि दोन फवारे असे उसळले, की काच कोरडीच राहिली आणि गाडीमागचे तीन प्रेक्षक भिजले. सकाळी पिन टोचताना मी नोझलची तोंडं आभाळाकडे केली होती. ती पुन्हा पिननंच खाली वळवली. काच स्वच्छ झाली. काकाजी चहा पिऊन गेले.

सुट्टी संपली. दहावीच्या वर्गात विद्युत मोटर आली. डाव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना ताठ करून मी विचारलं, "मोटर उलट दिशेनं फिरवायची, तर काय कराल?"

काकाजींचा नातू उठला. "दोन वायरी अदलाबदल करायच्या, सर. तुमच्या गाडीच्या केल्या तशा."

वर्ग खदखदला. उत्तर बरोबर होतं. दोन्ही गुण द्यावे लागले.