मुरमावरचा आश्विन

मराठवाड्यातली झाडं परदेशी कॅलेंडर पाळत नाहीत. ऑक्टोबर लागला की तिकडे मेपल तांबडे होतात, लोक गाड्या काढून ते बघायला निघतात आणि फोटोवाले वर्षभराचा माल पंधरा दिवसांत भरून घेतात. आमच्याकडे पान गळायचं ते माघ-फाल्गुनात. पळसही फुलतो तो त्याच सुमाराला. आश्विनात लिंब हिरवा, चिंच हिरवी, बाभूळ हिरवी, आणि वडाला तर कशाचंच सोयरसुतक नसतं. तेव्हा शरदातल्या रंगीत जंगलवाटांवरून सायकल हाकू या, असं कुणी म्हणालं तर नांदेडचा माणूस विचारतो, जंगल कुठंय? आणि लातूरचा विचारतो, जंगल म्हणजे?

लातूरकराचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या जिल्ह्यात जंगल नावापुरतंच. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळच्या बेटावर औषधी वनस्पतींची दाटी आहे, तिथं आयुर्वेदाची पोरं वह्या घेऊन हिंडतात. बाकी सगळं शिवार. पण रंग झाडाच्या शेंड्यालाच असला पाहिजे, असा काही सरकारी आदेश निघालेला नाही. आमचा शरद गुडघ्याएवढाच उंच असतो. माळावरची कुसळी हिरवी होती ती तांबूस होते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पार सोनेरी दिसते. बांधावर तरवड पिवळी. तिच्या पायाशी कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. शेतकरी त्याला तण म्हणून शिव्या घालतो आणि शहरातला पाहुणा त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतो. कुठं कारळाचा पट्टा, कुठं अंबाडीचं पिवळं फूल, पोटात जांभळा ठिपका घेऊन. कपाशीची बोंडं नुकती उकलायला लागलेली.

आणि सोयाबीन. हे पीक आधी पिवळं पडतं, मग पानं गाळतं आणि नुसत्या शेंगा धरून उभं राहतं. ऑक्टोबरात खरीखुरी पानगळ पाळणारं आमच्या शिवारातलं हे ठळक उदाहरण. मूळचं चीनकडचं, आपल्याकडे रुजलं ते अमेरिकी वाणांच्या हाताला धरून. तिकडची सवय सुटली नसेल बिचाऱ्याची.

हे सगळं महामार्गावरून दिसत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठणारा रस्ता आता इतका रुंद झाला आहे की दोन्ही बाजूंचं शेत कुणा तिऱ्हाइताचं वाटतं. त्याच्यावरून उतरून पांदणीला लागावं लागतं.

माझ्या भाच्याने पुण्यात ग्रॅव्हल बाइक घेतली आणि सुट्टीत ती गावी आणली. तिचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड, चाळीस मिलिमीटरचा. आत ट्यूब नाही, पांढरा चिकट द्रव. हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर खड्यावर दबतो आणि हादरा मनगटापर्यंत येत नाही. डांबर संपतं तिथून पुढं जाण्यासाठी हा सगळा खटाटोप. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशा खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, म्हणजे तीनशे वीस किलोमीटरच्या वर. लोक पैसे भरून, लांबून लांबून येऊन खडीवर आपटून घेतात. हे मी आमच्या माजी सरपंचांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आपण रस्ता होऊ दिला नाही ते बरंच झालं म्हणा की!"

पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली. जिथं ती पोचली तिथं पावसाळ्यात बैलगाडी रुतायची थांबली. सायकलवाल्यांचं थोडं नुकसान झालं असेल. या तंट्यात मी बैलांच्या बाजूने आहे.

गंमत पुढेच आहे. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला अठ्ठावीस बाय दीड इंची टायर असतो. तो मोजला तर अडतीस-चाळीस मिलिमीटरच भरतो. म्हणजे जगाने मोठं संशोधन करून जिथं मुक्काम केला, तिथं आमचा दूधवाला दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे कॅन लटकवून केव्हाच पोचला होता. मी ही गोष्ट भाच्याला पट्टी लावून दाखवली. त्याने माझ्या सायकलीच्या वजनाचा विषय काढला. ती घरातली जुनी, बिगरगियरची. दोन माणसांशिवाय उचलत नाही. पण चालताना आम्ही बरोबरीनेच चालतो, कारण तो दर फर्लांगाला फोटो काढायला थांबतो.

चांगल्या सायकलीला मराठवाड्यात एकच अडथळा, तो म्हणजे चौकशी. औशाकडून खरोशाच्या लेण्यांकडे जाताना एका बांधावरच्या आजोबांनी आम्हाला हात करून थांबवलं.

"कुण्या गावचे?"

"नांदेडचे, बाबा."

"कामून सायकलीवर फिरायलाव? गाडी बिघडली का?"

"नाही बाबा, हौस म्हणून."

"कितीची हाय?"

भाच्याने खरा आकडा सांगितला. आजोबांनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. "सगळं काढून घेतलं आन् वरून पैशेबी घेतले," एवढंच बोलून त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

त्यांच्या मागं सोयाबीनची बनीम रचलेली होती, ताडपत्री टाकून. परतीचा पाऊस हल्ली दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर हजेरी लावतो, म्हणून ती ताडपत्री. पलीकडच्या शेतात मळणीचा हडंबा चालू होता आणि गुळीची धूळ उन्हात अशी उडत होती की थोडा वेळ सगळंच पिवळं. लातूरच्या शरदाचा रंग मला विचाराल तर हाच. नाकात जातो, पण दिसतो सुंदर.

पांदणीवर आणखी एक गोष्ट कळते, कान उघडे ठेवले तर. मुरूम म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण झिजून, कुजून झालेला भुसभुशीत थर. कुठल्याही विहिरीत डोकावा: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. त्याच्यावर टायर करकर वाजतो. पूर्वेला देगलूर, बिलोलीकडे उतरलं की लाव्हा सरतो आणि ग्रॅनाइट लागतो. तिथं रस्त्यावर भरड वाळू असते आणि तोच टायर सळसळत जातो. डोळे मिटूनही जिल्हा ओळखता यावा. फक्त सायकलीवर डोळे मिटू नयेत.

खरं जंगल हवं असेल तर किनवट. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे भोकर, हिमायतनगर ओलांडते आणि साग सुरू होतो. हा भाग १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा एकाच बाकावर बसलेल्या असतात. सागाचं म्हणाल तर ऑक्टोबरात तो लाल होत नाही. त्याच्या पानांचा सगळा हिरवा गर अळ्या खाऊन टाकतात आणि शिरांची तपकिरी जाळी तेवढी शिल्लक ठेवतात. उन्हाकडे धरलं तर पानातून पलीकडचं पान दिसतं. बुंध्याला फुटलेलं कोवळं पान मात्र हातावर चोळून बघा. तळहात लालभडक होतो. मेपलचा लाल रंग लांबून बघायचा, सागाचा घरी घेऊन यायचा. साबणाने लवकर जात नाही.

आम्ही इस्लापूरच्या बाजूने वाड्या-तांड्यांतून सहस्रकुंडाकडे निघालो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली उडी घेते. अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीपर्यंत धार टिकते. वाटेत सीताफळांच्या टोपल्या घेतलेल्या बाया. सायकलीला टोपली नाही म्हटल्यावर त्यांनाच आमची कीव आली. दिवाळीच्या सुमाराला गेलात तर गोंड आणि कोलामांच्या पाड्यांवर दंडारी नाचाचे ढोल ऐकू येतात, मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी भेटतात. तिथं थांबायचं. सायकल काही पळून जात नाही.

भाच्याचा टायर परतीच्या वाटेवर बोलला. बाभळीचा काटा. आतला पांढरा द्रव छिद्राशी फेसाळला आणि काही वेळात छिद्र बुजलं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने हा चमत्कार शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि विचारलं, "आपोआपच भरलं, तर म्या काय खावं?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या सायकलीच्या ट्यूबमध्ये सराटा निघाला, तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

यायचं असेल तर दसरा ते दिवाळी या दिवसांत या. सायकल कुठलीही चालेल. पहाटे निघा, अकराच्या आत सावली गाठा, कारण ऑक्टोबरचं ऊन हौस बघत नाही. मोजे लांब घालू नका, कुसळं वेचत बसावं लागेल. पैनगंगा अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याला विचारून शिरा. आणि रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं तर उतरून सायकल बाजूने हातात न्या. ओलावा जास्त निघाला तर भाव तोडतात, म्हणून ते उन्हात पसरलेलं असतं. आणि दाणा फुटला तरीही भाव तोडतात.