नंबर कुणाला देऊ नका, तात्या!

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या पट्ट्याला आमच्याकडे राहू बेट म्हणतात. बेटावर माणूस जगापासून सुरक्षित असतो, असा जुना समज आहे. आमच्या बेटावर चहूकडे ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि उसाच्या बांधावर उभ्या असलेल्या आमच्या तात्यांच्या बंडीच्या खिशात मोबाईल आहे. बिबट्याचा त्रास वाढला तर वन खात्याकडे पिंजरा तरी मागता येतो.

मध्यंतरी तात्या दारं धरत असताना फोन वाजला. पलीकडून गोड आवाज. "सर, पुण्यापासून फक्त एक तासावर निसर्गरम्य परिसरात एनए प्लॉट देतोय. वीकेंड होमसाठी बेस्ट. लोकेशन राहू." हा एक तास हडपसर ओलांडल्यावर मोजायचा असतो, हे तात्यांना माहीत आहे. ते एवढंच म्हणाले, "राहूत कुठं?"

"रिव्हर टच आहे, सर."

"अगं पोरी, नदीला टच माझंच वावर आहे. कितीला विकतीस?"

तिने गुंठ्याचा दर सांगितला. तात्या बांधावरच बसले. ज्या बांधापायी भावकीशी दावा चालू आहे, त्याची खरी किंमत त्यांना पहिल्यांदाच कळली होती. ती कोर्टाने सांगितली नाही, तलाठ्याने सांगितली नाही. ती एका अनोळखी नंबरने सांगितली.

दुसऱ्या दिवशी कर्ज आलं. म्हणजे कर्जाचा फोन आला. "सर, आपका पाच लाख का लोन प्री-अप्रूव्हड है." पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ, बेबाकी दाखला आणि जामीनदार घेऊन सोसायटीच्या पायऱ्या झिजवलेला माणूस हा. त्याने न मागता कर्ज मंजूर झालेलं! तात्यांनी आवंढा गिळला आणि खात्री करून घेतली, "सातबारा लगेगा क्या?"

"सर, सातबारा क्या होता है?"

एवढ्यावर तात्यांचा त्या बँकेवर विश्वास बसला होता. आम्ही वेळेवर फोन हिसकावला म्हणून निभावलं.

मग घरात चौकशी समिती बसली. नंबर फुटला कुठून? हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या शनिवारी आला होता. तो म्हणाला, "तात्या, नंबर असा कुणाला देत जाऊ नका."

तात्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पीएम किसानला दिला, नाहीतर हप्ता आला नसता. ई-पीक पाहणीला दिला, नाहीतर उभा ऊस कागदावर पडीक दिसला असता. शेतकरी ओळखपत्राला, रेशन कार्डाच्या केवायसीला, खताच्या दुकानातल्या मशीनला, कारखान्यात उसाच्या नोंदीला दिला. काकूंनी लाडक्या बहिणीच्या अर्जात दिला. नातवाने जत्रेतल्या लकी ड्रॉच्या डब्यात चार चिठ्ठ्या टाकल्या, चारींवर तोच. "आता यातलं कुणाला द्यायचा नव्हता, ते सांग," असं तात्यांनी विचारल्यावर पुतण्याने चहा मागितला.

शिवाय घराबाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्या फाळक्यावर पिवळ्या ऑईलपेंटने लिहिलेलं: 'ऊस, मुरूम, शेणखत वाहतूक केली जाईल', आणि खाली हातभर उंचीच्या आकड्यांत तात्यांचा मोबाईल. ती ट्रॉली हंगामभर चौफुल्यापासून पारगावपर्यंत फिरते. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत तात्यांचा फोटो आहे आणि फोटोखाली पुन्हा नंबर. गुप्ततेच्या अधिकाराची आमच्याकडची अंमलबजावणी ही अशी आहे.

तो अधिकार आहे मात्र पक्का. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं, की बिलासाठी गिऱ्हाइकाकडे मोबाईल नंबरची सक्ती करू नका. पुण्याला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराला मी हे ऐकवलं. तो अदबीने म्हणाला, "सक्ती नाही सर, पण नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही."

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं. गावात फोन असायचा एखाद्या दुकानदाराकडे. बाकी सगळ्यांच्या डायरीत तोच नंबर आणि पुढे 'पीपी'. म्हणजे फोन त्यांचा, माणूस आमचा. टेलिफोन खातं तर फोनवाल्यांची नावं, पत्ते आणि नंबर स्वतः जाडजूड डिरेक्टरीत छापून घरोघर वाटायचं. सगळं उघड. तरी कुणी कुणाला प्लॉट विकत नव्हतं, कारण फोनशेजारी दुकानदारीणकाकू बसलेल्या असत. "कोण बोलतंय? कुणाचा तू? काय काम काढलं? कुणी गेलं का?" एवढ्या चाळणीतून जो पार पडेल त्याच्यासाठी पोरगं सायकलवर मळ्यात जायचं. पोरगं जाऊन तात्या येईपर्यंत ट्रंककॉलची तीन मिनिटं संपायची आणि माणूस पुढच्या तीन मिनिटांचे पैसे मोजायचा. पर्सनल लोन विकणाऱ्याला काकूंनी आधी त्याचं गाव विचारलं असतं, मग पाहुणे काढले असते आणि शेवटी त्यालाच उधारीची आठवण करून दिली असती.

काकूंची जागा पुढे सरकारने घेतली. २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, नको असलेल्या फोनांविरुद्ध नियम केले आणि 'डू नॉट कॉल' नोंदवही उघडली. नाव नोंदवा आणि ४५ दिवस थांबा, मग फोन बंद. ते बंद झाले नाहीत म्हणून २०१० मध्ये नवे नियम आले: १९०९ हा क्रमांक, जाहिरातवाल्यांसाठी वेगळ्या मालिकेतले नंबर, आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ त्यांना बंदी. ही वेळ राहू बेटाला फार मानवली. रात्री तात्यांकडे फक्त थ्री फेज लाईट आणि बिबट्या येतो, दोघांनाही 'ट्राय'ची परवानगी लागत नाही.

मग २०१८ चे नियम आले आणि सोबत ब्लॉकचेन आलं. जाहिरातवाल्याने स्वतःची, मेसेजच्या नमुन्याची, पाठवणाऱ्याच्या नावाची, सगळ्याची नोंदणी करायची. जो नोंदणी करतो तो कायद्याने बांधला जातो. जो करत नाही तो साधं सिमकार्ड घेऊन दहा आकडी नंबरावरून निवांत फोन करतो. २०२४ मध्ये अशा बिननोंदणीवाल्यांवर बडगा उगारला गेला. ऑगस्टपासून काही आठवड्यांत पावणेतीन लाखांवर जोडण्या तोडल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत टाकल्या. त्या आधी मार्चमध्ये संशयास्पद फोन कळवायला 'चक्षू' नावाची सोय झालीच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळाले. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर त्या नंबरवर कारवाई. हलगर्जी करणाऱ्या मोबाईल कंपन्यांना दोन, पाच आणि दहा लाखांचा चढता दंड.

यात तात्यांनी करायचं काय? फार काही नाही. १९०९ वर नोंद करायची. कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत ते निवडायचं. तरीही फोन आला तर फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला ते टिपून पुन्हा १९०९ ला कळवायचं. म्हणजे फोन त्याने करायचा आणि त्याची रोजकीर्द तात्यांनी लिहायची. शिवाय तो उद्या दुसऱ्या नंबरवरून बोलणार. तात्यांचा नंबर मात्र ट्रॉलीवर रंगवलेला.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालाय, २०२३ चा. २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तात्यांना हे लगेच पटलं. आडसाली उसालाही तेवढेच लागतात.

तोवर पुतण्याने सोपा उपाय केला. फोनमध्ये नाव नसलेल्या नंबराची घंटीच वाजणार नाही, अशी सोय करून तो हिंजवडीला गेला. घरात शांतता झाली. त्या शांततेत ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नव्या नंबरवरून फोन येऊन गेला. तात्यांनी उचलला नाही म्हणून टोळी पुढच्या फडात गेली. उसाला तुरे आले, वजन घटलं. पुतण्याला फोन करून झाडायचं तात्यांनी ठरवलं, तर तो मीटिंगमध्ये होता.

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली आहे. देशात खासगीपण भरपूर आहे, फक्त वाटप चुकलंय. फोन करणाऱ्याला तात्यांचं नाव, गाव, पीक आणि ट्रॅक्टरचा हप्ता ठाऊक असतो. तात्यांना त्याचं आडनावही कळत नाही. आणि ज्याच्याकडून तात्यांना काही हवं असतं, तो तर त्याहून गुप्त. डीपीच्या खांबावर वायरमनचा नंबर ठळक लिहिलेला आहे. तो सगळ्या गावाला पाठ आहे आणि त्यावरचा फोन आजवर कुणी उचललेला नाही. नंबर जाहीर ठेवून माणूस गुप्त ठेवण्याची ही विद्या ज्याला साधली, त्याला १९०९ ची गरज नाही.

तात्यांनी ती घंटीची सोय काढून टाकली. काल परत कर्जवाल्या पोरीचा फोन आला. तात्या आमच्यादेखत म्हणाले, "बेटी, लोन नहीं चाहिए. पर तेरे पास सबका नंबर रहता है ना? हमारे वायरमन को जरा फोन लगा. डीपी जळून चार दिवस झाले."

पलीकडे पोरगी हसली. म्हणाली, "सर, वो तो हमारा भी नहीं उठाते."