पाचाचे पन्नास, दोनाचे पंचवीस

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेचं, म्हणजे महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचं तिकीट १ ऑगस्ट २०१७ पासून वाढलं. मोठ्या माणसाला ५ रुपयांऐवजी ५० आणि लहान मुलाला २ ऐवजी २५. बोभाटा झाला तो दहापटीचा. जरा गुणाकार करून बघा. मोठ्यांचं तिकीट दहापट झालं, मुलांचं साडेबारापट. प्राणिसंग्रहालयात जायचा हट्ट घरात कोण धरतं?

दरवाढ नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पेंग्विन आले, त्यांच्यासाठी थंडगार घर बांधलं. वीज, मासे, डॉक्टर, सगळ्याला पैसे लागतात. ५ रुपयांत ते भागणार नव्हतंच. मग ५ रुपये इतकी वर्षं ५ रुपयेच का राहिले?

तारखा शेजारी-शेजारी मांडा. फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिकेची निवडणूक. मार्चमध्ये पेंग्विन लोकांसाठी खुले. ऑगस्टमध्ये दहापट तिकीट.

दोन-तीन वर्षांनी थोडी-थोडी वाढ केली असती, तर कुणाच्या खिशाला चटका बसला नसता. पण तेवढी वाढ मागायला नगरसेवक कचरतात आणि प्रशासन फाइल पुढे ढकलतं. वर्षानुवर्षांचं हे साचलेलं भित्रेपण एका दिवसात वसूल होतं, तेही गेटवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून.

कुटुंबासाठी सवलत मात्र ठेवली. आई, वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये. सुटी तिकिटं काढली तर १५० झाले असते, म्हणजे ५० वाचले. चांगलं आहे. आता आई एकटीच दोन मुलांना घेऊन आली, तर? ५० अधिक २५ अधिक २५. पुन्हा १००! वडील कामावर असोत, गावी असोत वा या जगात नसोत, तिच्या वाट्याला सवलतीचा एक रुपयाही येत नाही.

तीन मुलं असतील, तर हिशोब तिनेच करावा.

हे कुणी मुद्दाम केलं, असं मी म्हणत नाही. पण दर ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ‘कुटुंब’ म्हणून एकच चित्र होतं, आणि ते चित्र भायखळ्याच्या गेटबाहेर दिसणाऱ्या गर्दीचं नव्हतं. एवढी साधी बेरीज करायला कोणती समिती लागते?

जलतरण तलावांकडे वळा. तिथलं दुखणं वेगळं आहे. एका महापालिकेच्या तलावाबाहेरचा दरफलक परवा नीट वाचला. सर्वसाधारण, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, महापालिका कर्मचारी अशा ओळी. जुन्या आकड्यांवर कागद चिकटवून नवे लिहिलेले. वार्षिक शुल्क ठळक अक्षरात. शिवाय अनामत, मेडिकल सर्टिफिकेट, दोन फोटो, रहिवासाचा पुरावा. एका दिवसाच्या तिकिटाची ओळ सगळ्यात खाली होती. तिच्यापुढे आकडाच नव्हता.

खिडकीवर विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘सध्या बंद आहे.’’ सध्या म्हणजे कधीपासून?

गोम इथेच आहे. वर्षाचे पैसे एकरकमी भरले की रोजचा दर स्वस्त पडतो, हे कागदावर खरंच. पण एकरकमी भरणार कोण? ज्याचा पगार पहिल्या तारखेला खात्यात जमा होतो, तो. नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्याच्या मुलाला वर्षाचा पास स्वस्त असून काय उपयोग? त्याला मे महिन्यातली एक दुपार हवी असते. ती मिळत नाही म्हणून तो खाणीत, नदीत, खाडीत उतरतो. तिथे तिकीट नाही. जीवरक्षकही नाही.

आणि भर दुपारी आपला तलाव बघा. सकाळच्या बॅचा संपलेल्या, संध्याकाळच्या सुरू व्हायच्या. क्लोरीनचा खर्च झालेला, पंप फिरलेला, पाणी निळंशार. आत पोहायला कुणी नाही, बाहेर फाटकाला कुलूप. त्या दोन तासांसाठी १० रुपये घेतले, तर पालिकेचा असा कोणता तोटा होणार आहे?

‘‘खर्च निघाला पाहिजे,’’ हे ठरलेलं उत्तर. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. एवढ्या मोठ्या हिशोबात तलाव आणि बागा आपला खर्च आपणच काढतील, ही अपेक्षा धरायचीच कशाला? फुटपाथवरून चालण्याचं तिकीट कुणी मागत नाही. उद्यानाच्या वाट्याला मात्र लगेच दुकानाचा न्याय येतो.

बरं, दर ठरवतं कोण? एकेकाळी प्रस्ताव समितीत यायचा, सभागृहात भांडणं व्हायची, छापून यायचं. भांडणातून का होईना, चार आकडे लोकांना कळायचे. ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि सुरू झालं प्रशासकाचं राज्य. मलबार हिलचा उन्नत निसर्गमार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००, तिकीट ऑनलाइन. २५ रुपये मला जास्त वाटत नाहीत. पण ते २५ च का, १० का नाहीत, आणि स्मार्टफोन नसलेल्या आजोबांनी काय करायचं, हे विचारायला त्या दिवशी सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

ठेकेदाराला चालवायला दिलेल्या तलावांची तर आणखी वेगळी कथा. दर पालिकेचा, पावती ठेकेदाराची. करारात सवलत लिहिलेली असते. ती मागायला गेलं की ‘‘बॅच फुल आहे’’. मग करार वाचायचा कुणी?

सगळं फुकट करा, असं मी म्हणत नाही. फुकट ठेवलं की देखभाल मरते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मागणं साधंच आहे. दर दोन वर्षांनी थोडीच वाढ करा. कोणत्याही एका मोठ्या माणसाबरोबर आलेल्या मुलांना सवलत द्या, नवरा-बायकोची जोडी मोजत बसू नका. एका दिवसाचं तिकीट खिडकीवर, रोख पैशांत मिळू द्या. वाढवलेल्या पैशांतून काय झालं, ते त्याच दरफलकाखाली लिहा.

आणि पुढचा प्रस्ताव मांडाल तेव्हा ‘अपेक्षित उत्पन्न’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा : या दरामुळे किती मुलं गेटबाहेरून परत जातील? तो आकडा भरल्याशिवाय सही करू नका.