अधिसूचनाबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती अधिसूचनाबाई,
मुक्काम नवी दिल्ली
(कधी परकीय व्यापार महासंचालनालय, कधी अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कांद्याच्या पट्ट्यात आपले येणे आता लोकांना वारावरून ओळखू येऊ लागले आहे. 19 ऑगस्ट 2023 रोजी आपण 40 टक्के निर्यात शुल्क घेऊन आलात, तो शनिवार होता. 28 ऑक्टोबरला टनामागे 800 डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणलेत, तोही शनिवार. 4 मे 2024 रोजी निर्यातबंदी उठवलीत, शनिवार. 22 मार्च 2025 रोजी उरलेले 20 टक्के शुल्क काढत असल्याचे जाहीर केलेत, पुन्हा शनिवार. 7 डिसेंबर 2023 तेवढा गुरुवार निघाला, पण त्या दिवशी सरळ बंदीच आणायची होती, तेव्हा आठवडा संपेपर्यंत धीर धरवला नसावा.

आपल्या मनात काही नसेलही. शनिवार मारुतीचे भक्तही पाळतात. अडचण एवढीच की रविवारी बहुतेक बाजार समित्यांत लिलाव नसतात. शेतकरी त्या दिवशी चाळीतून कांदा काढतो, बारीक गोल्टी वेगळी करतो, काजळी धरलेला बाजूला टाकतो आणि ट्रॅक्टर भरून ठेवतो. सोमवारी सकाळी तो लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या आवारात रांगेत उभा राहतो, तेव्हा बोली शनिवारच्या भावापासून सुरू होत नाही. आपण येऊन गेल्याचे व्यापाऱ्याला आधीच कळलेले असते. शेतकऱ्याला ते भाव ऐकून कळते.

बाई, आपण दिल्लीच्या. आपल्याला चाळ म्हटले की गिरगाव आठवेल. ही चाळ वेगळी. उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात पडते, डिसेंबर-जानेवारीत लागवड होते आणि मार्चपासून काढणी. देशातला निम्म्याहून बराच जास्त कांदा या एका हंगामातून येतो आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा लाल कांदा येईपर्यंत सगळा देश त्यावर जेवतो. हा कांदा बांबूच्या किंवा लोखंडी जाळीच्या हवेशीर चाळीत पाच-सहा महिने ठेवतात. तो तिथे स्वस्थ पडून राहत नाही. वजन घटते, पावसाळी हवेत सडतो, उरलेल्याला कोंब फुटतात. चाळीत दहा क्विंटल टाकलेला माणूस बाहेर सहा-सात क्विंटलच काढतो. ही घट सोसून तो थांबतो ते एका हिशेबावर, की ऑगस्ट ते ऑक्टोबरात भाव मिळेल.

आपण बहुतेकदा नेमक्या ऑगस्ट ते ऑक्टोबरातच येता. 2019 मध्ये 29 सप्टेंबरला निर्यातबंदी, 2020 मध्ये 14 सप्टेंबरला निर्यातबंदी, 2023 मध्ये ऑगस्टात शुल्क आणि ऑक्टोबरात किमान मूल्य. घट शेतकऱ्याने सोसायची आणि भाव आपण ठरवायचा, अशी ही वाटणी आहे. ती कोणी कधी कागदावर केल्याचे ऐकिवात नाही.

कागदावर एकदा काहीतरी आले होते, तेही सांगितले पाहिजे. 2020 च्या जूनमध्ये केंद्राने अध्यादेश काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या कचाट्यातून सोडवले. नियम स्वच्छ लिहिला होता: फळे-भाज्यांचा किरकोळ भाव मागच्या वर्षाच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट झाला, तरच साठ्यावर मर्यादा. ‘शेतकरी आता मुक्त’ म्हणून ढोल वाजले. त्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेने 15 सप्टेंबर 2020 रोजी मंजूर केले. आणि आपण कधी आलात? 14 सप्टेंबरला. मुक्ती मंगळवारी, बंदी सोमवारी. पश्चिम बंगालच्या सीमेवर कांद्याचे ट्रक जागच्या जागी सडू लागले, ढाक्याहून अधिकृत नाराजी आली, मग थोडा माल सोडावा लागला. पुढच्या वर्षी कृषी कायदे मागे घेतले गेले, त्यांच्याबरोबर तो लिहिलेला नियमही गेला. आपण मात्र राहिलात.

बांगलादेशचा विषय निघालाच आहे. 2019 ची बंदी ताजी असताना तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर कार्यक्रमात त्यांनी हिंदीतून गोड शब्दांत टोमणा मारला, की बंदीची आधी कल्पना दिली असती तर बरे झाले असते, आता मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. सभागृह हसले. त्यानंतर बांगलादेशाने मिळेल तिथून कांदा मागवला, काही तर विमानाने. शेखबाई 2024 च्या ऑगस्टात सत्ता सोडून भारताच्याच आश्रयाला आल्या, तेव्हा त्यांच्या आचाऱ्याची अडचण एकदाची मिटली असावी. त्यांचा देश मात्र शहाणा झाला. कांद्यासाठी एकाच दुकानावर विसंबायचे नाही, हे त्याने हिशेबात धरले. जे दुकान न सांगता शटर ओढते, त्याचे गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानाचा फोन नंबर लिहून ठेवतेच. आखातातल्या आणि श्रीलंकेतल्या आयातदारांनाही पाकिस्तान आणि चीनचे नंबर आता पाठ आहेत.

आता आपली बाजू. ती अगदीच लंगडी नाही, आणि कांद्याचे राजकारण करणारे पुढारी ती सोयीने विसरतात. 2023 मध्ये मार्चच्या अवकाळीने उन्हाळ कांदा भिजला, पुढे पाऊस लांबल्याने खरिपाचा माल उशिरा आला, आणि दिवाळीच्या तोंडावर शहरांत किलोचा भाव दुपटीने चढला. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईला तेव्हा निर्यातीचे अर्थशास्त्र सांगून उपयोग नसतो. सरकारने काहीतरी करायलाच हवे होते. प्रश्न काय करायचे याचा आहे, आणि दरवेळी आपल्यालाच का पाठवतात याचा.

त्याचे उत्तर 1998 मध्ये सापडते. त्या वर्षी कांदा पन्नास-साठ रुपयांवर गेला आणि दिल्लीतले भाजपचे सरकार पडले. निवडणुकीच्या जेमतेम दीड-दोन महिने आधी मुख्यमंत्रिपदावर आणलेल्या सुषमा स्वराज यांनाही ते वाचवता आले नाही. पक्षाला दिल्ली परत मिळायला 2025 उजाडले. त्याआधी 1980 मध्ये इंदिरा गांधींनी जनता सरकारविरुद्ध हाच कांदा प्रचारात फिरवला होता. तेव्हापासून कोणत्याही रंगाचे सरकार असो, दिल्लीत कांद्याचा भाव हवामान खात्यापेक्षा गुप्तचर खात्याच्या गांभीर्याने पाहिला जातो. आणि 2012 हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात या कांद्याला भार किती होता? 0.64 टक्के. शंभर रुपयांच्या खर्चात चौसष्ट पैसे. एवढ्याशा चौसष्ट पैशांसाठी बंदरावरचे कंटेनर अडतात, सीमेवरचे ट्रक थांबतात आणि मंत्र्यांना परदेशातून फोन करावे लागतात.

हा फोन कल्पित नाही. 2023 च्या ऑगस्टात शुल्कावरून नाशिकचे लिलाव बंद पडले, तेव्हा उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपानमध्ये होते. केंद्र 2,410 रुपये क्विंटलने दोन लाख टन कांदा घेणार, हे महाराष्ट्राला जपानहून कळले. त्याच सुमारास मालेगावचे मंत्री दादा भुसे यांनी परवडत नसेल तर दोन-चार महिने कांदा न खाण्याचा सल्ला दिला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे आणि नाशिक जिल्हा कांदा पिकवतो, हे ध्यानात घेता हा सल्ला नेमका कोणाच्या भल्याचा होता, हे शोधणे अवघड आहे. 2,410 रुपयांची खरेदी झाली ती बाजार समितीच्या लिलावात उतरून नव्हे. म्हणून रांगेतल्या शेतकऱ्याची बोली त्या भावाने चढली नाही, आणि ‘नाफेडने (केंद्रासाठी कांदा घेणाऱ्या संस्थेने) आवारात येऊन खरेदी करावी’ ही मागणी आजही निवेदनांत पहिल्या क्रमांकावर असते.

पण बाई, पत्रलेखकाची खरी तक्रार आपण येता ही नाही. भाव पडतो तेव्हा आपण कुठे असता, ही आहे.

2018 च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. त्यासाठी टपालाला 54 रुपये मोजले ते वेगळे. पुढे ती मनीऑर्डर न स्वीकारता परत आली. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातला एक शेतकरी 512 किलो कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात गेला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हिशेबपट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे. त्याला धनादेश मिळाला दोन रुपयांचा, पैसे सोडून. तोही पुढच्या तारखेचा. त्या शनिवारी, रविवारी किंवा कोणत्याही वारी आपण मात्र आला नाहीत. कांदा 60 रुपये झाला की राष्ट्रीय आपत्ती आणि एक रुपया झाला की बाजाराचा नियम, असे आपल्या कार्यालयात कुठे फलकावर लिहून ठेवले आहे काय?

त्या वर्षी दिंडोरीहून शेतकरी मुंबईच्या दिशेने पायी निघाले, तेव्हा कुठे राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिले. तेही 200 क्विंटलपर्यंत, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल तर. नोंद नसलेल्यांनी तलाठ्याकडे किती चकरा मारल्या, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

निवडणुका जवळ आल्या की मात्र आपली चाल बदलते, हे मान्य केले पाहिजे. 2024 च्या एप्रिलमध्ये आधी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली. महाराष्ट्रात गदारोळ झाला, लगेच दोन दिवसांनी सहा देशांना 99,150 टन निर्यातीची घोषणा झाली. वार अर्थातच शनिवार. त्यातला बराचसा आकडा आधी दिलेल्या परवानग्यांची बेरीज होता. नाशिक-दिंडोरीचे मतदान 20 मे रोजी होते, बंदी 4 मे रोजी उठली. पण 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची अट ठेवून, म्हणजे दार उघडले आणि उंबरठा कमरेपर्यंत उचलला. 15 मेला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचे भाषण चालू असताना गर्दीतून एक आरोळी आली: ‘कांद्यावर बोला.’ दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, नाशिकमध्ये हेमंत गोडसे पडले. निकालानंतर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कांदा नडल्याचे जाहीरपणे मान्य केले. मग 13 सप्टेंबरला किमान मूल्य हटले, शुल्क 20 टक्क्यांवर आले, आणि नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. उरलेले 20 टक्के सुटायला मतपेट्या रिकाम्या होऊन चार महिने जावे लागले. 1 एप्रिल 2025 ला ते गेले तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात होती आणि भाव उतरले होते.

दरम्यान सरकारने स्वतःही चाळ टाकली आहे. राखीव साठा. 2023 मध्ये तो तीन लाख टनांवरून पाच लाखांवर नेला. 2024 च्या ऑक्टोबरात लासलगावहून ‘कांदा एक्स्प्रेस’ 1,600 टन कांदा घेऊन दिल्लीच्या किशनगंज स्थानकात गेली, आणि तो 35 रुपये किलोने विकला गेला. पत्रलेखकाला ही गाडी मनापासून आवडली. शहराला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने बाजारभावाने विकत घेऊन, स्वतःच्या खिशातून तोटा सोसून द्यावा. तिथे खर्च कोणाचा हे निदान उघड दिसते. आपण येता तेव्हा तोच खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून जातो आणि कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. अर्थ मंत्रालयाला आपण एवढ्या प्रिय का, याचे कारण बहुधा हेच.

तेव्हा विनंती अशी. उळे वाफ्यात पडण्याआधी, दरवर्षी 15 सप्टेंबरच्या आत एक कागद काढा. किरकोळ भाव किती झाला की किती शुल्क लागेल आणि किती दिवसांनी ते आपोआप सुटेल, हे त्यात आकड्यांत लिहा. आधी करार झालेला माल अडवणार नाही, हेही लिहा. आणि त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात, लिलावाचा भाव किती खाली गेला की क्विंटलमागे किती रुपये, किती दिवसांत, कोणाच्या सहीने शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतील, तेही लिहा. वरचा अर्धा भाग लिहिता येतो हे 2020 मध्ये संसदेनेच दाखवले आहे. राहिला खालचा अर्धा. तो आधी लिहायला घ्या. त्याची प्रत नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक बाजार समितीच्या फलकावर मराठीतून लावावी.

कळावे,
आपला,
चौसष्ट पैशांचा एक ग्राहक