दोन हातांचे मामाजी

नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून चामोर्शीत लोक दारावर काळी बाहुली टांगतात. मामाजींना अडवण्यासाठी काय टांगावं, हे मात्र अजून कोणाला सापडलेलं नाही.

वास्तुशांतीची पंगत बसलेली असते, बुंदी वाढली जात असते, आणि मामाजी हात धुण्याच्या निमित्तानं उठून थेट रांधणीत शिरतात. चुलीपाशी उकिडवे बसतात, कोपर चुलीच्या काठाला टेकवतात, बोटं भिंतीकडे लांब करतात. एक हात. पुन्हा कोपर. दुसरा हात बहुतेक घरांत मावतच नाही, बोटं भिंतीवर आपटतात. मग घरधनीणबाईला ऐकू जाईल अशा बेतानं मामाजी निकाल देतात, "जरते हे घर!"

मामाजींनी जन्मभर सुतारकी केली. करवत सुटली, पण लाकडाची काळजी सुटली नाही. चूल आणि जळाऊ भिंत यांत दोन हात, धुराड्याचा पत्र्याचा नळ आणि छताचा बांबू यांत एक हात, हा त्यांचा कायदा. पक्क्या विटांची भिंत दिसली की ते जरा नरमतात. पण लगेच त्यांची नजर दाराच्या चौकटीवर, मसाल्याच्या फळीवर आणि पावसाळ्यात चुलीला टेकवून वाळत घातलेल्या सरपणावर जाते, आणि खटला नव्यानं सुरू होतो.

एक हात म्हणजे दीड फूट. दोन हात म्हणजे ३६ इंच. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन नावाची संस्था आहे. तिच्या २११ क्रमांकाच्या मानकात, प्रमाणित नसलेली लाकडाची शेगडी जळाऊ भिंतीपासून ३६ इंच लांब ठेवा आणि साध्या पत्र्याच्या नळाला १८ इंच सोडा, असंच सांगितलेलं आहे. गावातल्या एका इंजिनिअर पोरानं मोठ्या कौतुकानं ही बातमी आणली. मामाजी खूश होतील अशी आमची समजूत. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यायचा हात आपल्याएवढाच असते काय?"

त्यांच्याशी वाद घालणारे नाहीत असं नाही. एका शेजाऱ्यानं ठणकावून सांगितलं, "मामाजी, कुडाला दोन बोटं माती थापली आहे जी. माती कुठं जरते?" मामाजी बोलले नाहीत. भिंतीच्या पलीकडे जाऊन त्यांनी तळवा टेकवला आणि झटकन उचलला. मग आत येऊन चुलीमागचा पोपडा नखानं काढला. आतली बांबूची कमची चहाच्या रंगाची झाली होती. खालच्या टोकाला तर पार काळी. मामाजींनी चिमटीत धरली, तर तिचा भुगाच झाला. लाकडाला एरवी पेट घ्यायला अडीचशे-तीनशे अंशांची धग लागते. पण वर्षानुवर्षं शंभराच्या आसपास शेकत राहिलं की ते आतल्या आत कोळसत जातं, आणि पुढं एरवीपेक्षा कमी धगीतही पेटू शकतं. माती जळत नाही हे खरं. पण ती तापते, आणि आपली धग मागच्या बांबूला देते.

शेजारी हादरला. दुसऱ्याच दिवशी त्यानं चुलीमागं पत्रा ठोकला आणि मामाजींना बोलावलं. पत्रा कुडाला घट्ट चिकटलेला! मामाजींनी कपाळाला हात लावला. "बापा, हा तर तवा झाला. आता बांबूची भाकर भाज." मग स्वतः बसून पत्रा काढला, विटांचे तुकडे आड घालून भिंतीपासून इंचभर पुढे उभा केला, खालून-वरून मोकळा ठेवला. मागून गार वारा शिरतो, तापतो, वर निघून जातो, भिंत शाबूत. अशी सोय केली तर ३६ इंचांचे १२ चालतात, हे त्या अमेरिकन मानकातही आहे. मामाजींनी मात्र ही सवलत नाइलाजानं दिल्याचं तोंडावर दाखवलं.

सवलत द्यावीच लागते. रांधणी आठ फुटांची. दोन्ही अंगांनी तीन-तीन फूट सोडले की चुलीला उरतात दोन, आणि बाईनं अंगणातून फोडणी द्यायची. मामाजींच्या स्वतःच्या घरी सवलत नाही. तिथं चूल खोलीच्या बरोब्बर मधोमध. चुलीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय मामीजींना मिठाचा डबा सापडत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुढं मामीजींनाही गॅस मिळाला. त्यांनी तो हट्टानं भिंतीलगत मांडला. मामाजी काही दिवस अंगणात जेवले. पण सिलिंडर संपतं, आंघोळीला पाणी तापवायचं असतं. त्यामुळे चूल गेली नाही आणि मामाजींचा धंदाही बसला नाही.

या धंद्यात यश दिसत नाही, ही त्यांची खरी अडचण. जळालेल्या घराचा पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज होतो. न जळालेल्या घराची कुठंच नोंद होत नाही. परवा पानठेल्यावर पोरांनी त्यांना घेरलं. "मामाजी, इतक्या वर्षांपासून 'जरते, जरते' म्हणता. तुम्ही सांगितलेलं एक तरी घर जरलं काय?"

मामाजींनी तंबाखू मळता मळता वर पाहिलं.

"मंग? मी का इतके वर्सं माशा मारत होतो?"