त्र्यंबकेश आणि इतर अडचणी

मार्च सरत आला की नाशिक जिल्ह्यात दोन गोष्टींची आवक वाढते. लासलगाव-पिंपळगावला उन्हाळ कांद्याची, आणि ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं अशी बोलवा आहे त्याच्या घरी शेवटच्या वर्षाच्या मुलांची. कांद्याचा निदान लिलाव होतो. मुलं थेट माझ्याच दारात येतात. काखोटीला लॅपटॉप, चार्जर लोंबतोय आणि तोंडी एकच वाक्य, “काका, सगळं झालंय, फक्त चालत नाहीये.”

प्रोजेक्टचं नाव मी आता विचारत नाही. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, फार तर पेट्रोल पंप. ज्या नाशिक शहरात १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या मुलानं लायब्ररीचा प्रोग्रॅम लिहिण्याआधी एकदा ग्रंथपालांना भेटून यायला काय हरकत आहे, असं एकाला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “काका, कोड नेटवरून घेतलाय. अमेरिकेतल्या लायब्ररीचा आहे.” माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचं मूळ इथेच आहे. पुस्तकातला प्रोग्रॅम ज्या गावात राहतो तिथली नावं आखूड असतात, दिवे जात नाहीत आणि लोक टॅबची कळ वापरतात.

यंदा मात्र वरच्या मजल्यावरच्या मुलीनं वेगळं काही काढलं. तिच्या मामांचं लासलगावला कांद्याचं खळं आहे. लिलाव झाला की ट्रॉली खळ्यावर येते, वजन होतं, भावानं गुणायचं, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी द्यायची. ही पट्टी काढणारा प्रोग्रॅम ती सी-शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून करत होती. मोबाइलच्या जमान्यात डेस्कटॉप कशाला, असं तिच्या मैत्रिणींचं म्हणणं. त्यांनी एकदा एखाद्या पतसंस्थेच्या नाहीतर मेडिकलच्या काउंटरमागे डोकावून यावं. व्हिज्युअल बेसिक सहा या साधनाची देखभाल मायक्रोसॉफ्टनं २००८ सालीच बंद केली, पण त्यात केलेले प्रोग्रॅम विंडोज अकरावरही निमूट चालतात. त्यांवर पोट असलेल्या माणसांना ही बातमी अजून कुणी सांगितलेली नाही.

पहिला डेमो खळ्यावर झाला. तिथे हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींनी शेतकऱ्याचं नाव टाकलं आणि सवयीनं एंटर मारला. पट्टी सेव्ह झाली. गाव नाही, वजन नाही, भाव नाही, नुसतं नाव. दिवाणजींचा हात फॉक्सप्रो आणि टॅलीवर बसलेला. त्यांच्या लेखी एंटर म्हणजे ‘पुढे चला’. मुलीनं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ‘सेव्ह’ला फॉर्मचं ॲक्सेप्टबटन केलं होतं, म्हणजे एंटर मारला की तेच दाबलं जाणार. टॅब वापरा, असं तिनं सुचवलं. दिवाणजींनी ती कळ शोधली, दाबली, आणि कर्सर नावावरून उडी मारून वाराईवर गेला, तिथून गाडी नंबरवर, मग मागे गावावर. फॉर्मवर खोके ज्या क्रमानं ठेवले, तोच क्रम टॅबइंडेक्सनं धरलेला असतो आणि वाराईची आठवण तिला नावानंतर लगेच झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. व्हिज्युअल स्टुडिओच्या व्ह्यू मेनूत ‘टॅब ऑर्डर’ असतो. तो उघडून खोक्यांवर हव्या त्या क्रमानं क्लिक करत गेलं की झालं. पण दिवाणजींसाठी आम्ही एंटरलाच टॅबचं काम दिलं. चाळीस वर्षांचा हात बदलण्यापेक्षा चार ओळी बदलणं स्वस्त पडतं. गाडी नंबरच्या आधी तिनं ‘एमएच-१५’ कायमचं छापून ठेवलं होतं. त्या दिवशीची पहिलीच ट्रॉली मालेगावकडची निघाली, एमएच-४१.

खरी पंचाईत जुन्या पट्ट्या शोधताना झाली. ‘शोधा’ दाबलं की खिडकी पांढुरकी व्हायची आणि वर कंसात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दिवाणजींच्या हिशोबी प्रोग्रॅम गेला. तो गेलेला नसतो, कामात असतो. आपल्या नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की यजमानाच्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते त्यांत सापडतं. समजा, एखादे गुरुजी घरात एकटेच आहेत. यजमानानं आडनाव सांगितलं आणि गुरुजी आतल्या खोलीत बासनं सोडून बसले. ओसरीवर यजमान विचारतोय, गुरुजी, पाणी मिळेल का? गुरुजी, चपला इथेच ठेवू का? आतून हूं की चूं नाही. विंडोजही अशाच यजमानासारखं, पण फार उतावीळ. खिडकीनं पाच सेकंद एकही निरोप घेतला नाही की ते तिला अबोल ठरवून मोकळं. खिडकी रंगवणं, माउसच्या टिचक्या झेलणं, फुली मारल्यावर बंद होणं, हे सगळे निरोप एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा एकच कामकरी, घेत असतो, आणि आपण त्यालाच दहा हजार पट्ट्या चाळायला आत धाडलेलं असतं.

तर मग एक शिष्य ठेवायचा, त्याला आत पाठवायचं आणि गुरुजींनी ओसरीवर बसायचं. हे तिला पटलं. तिनं शोधाशोध दुसऱ्या थ्रेडवर टाकली आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा खाली आली. आता खिडकी पांढरी होत नव्हती, पण ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असं खडसावत होती. झालं होतं असं की शिष्याला वही सापडली आणि तो परस्पर बाहेर येऊन यजमानाला वाचून दाखवायला लागला. ते चालत नाही. ओसरीवर बोलायचा मान गुरुजींचा. शिष्यानं वही गुरुजींच्या हाती द्यायची, वाचणार ते. कोडमध्ये या देण्याला इनव्होक म्हणतात. मी पुढे शिष्यांची संख्या वाढली तर काय होतं, दोघांनी एकच वही ओढली तर काय, असं रंगवून सांगायच्या बेतात होतो. पण २०१२ साली सी-शार्पमध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ आले आहेत आणि ही देवघेव बरीचशी भाषाच सांभाळते. तिनं शोधायचं काम एका टास्कमध्ये घातलं, पुढे ‘अवेट’ लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. माझी कथा अर्धीच राहिली.

किरकोळ गोष्टी अनेक होत्या. चुकून लेबलवर डबल क्लिक झालं, कोडमध्ये नको असलेली रिकामी पद्धत (मेथड) उगवली, ती तिनं तिथून खोडली आणि फॉर्मच उघडेना; कारण त्या पद्धतीचा उल्लेख डिझायनरच्या फायलीत तसाच होता. बटनांची नावं बटन१ पासून बटन१७ पर्यंत, त्यांतलं सेव्ह कुठलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. फायलीचा पत्ता ‘डी’ ड्राइव्हचा आणि मामांच्या मशीनला ‘डी’ ड्राइव्हच नाही. चुका शोधण्यासाठी जागोजागी पेरलेले मेसेज बॉक्स काढायचे राहून गेले होते, त्यामुळे पट्टी छापताना दिवाणजींना ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’ आणि ‘आता काय’ असे तीन निरोप मिळाले. तिसऱ्याला त्यांनी ओके दाबलं, कारण दुसरं बटनच नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. तिच्या कोडमध्ये प्रत्येक पद्धतीभोवती ट्राय आणि कॅच होते आणि चूक झाली तर काय करायचं ते जिथे लिहायचं, त्या कॅचच्या पोटात काहीच नव्हतं. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये याला एक राजमान्य वाक्य होतं, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. चूक झाली तर तिकडे कानाडोळा करून पुढची ओळ घ्या. या तत्त्वावर कित्येक कचेऱ्या चालतात, कॉम्प्युटर नसलेल्यासुद्धा. प्रोग्रॅमचं तसं नाही. पट्टी छापली जात नव्हती आणि का नाही हे सांगणारं तोंड तिनंच दाबून ठेवलं होतं. कॅच काढल्यावर लगेच कळलं: ‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट’. ज्या शेतकऱ्याची नोंद सापडलीच नाही, त्याच्या जागी ‘नल’ होता, आणि त्यालाच गाव विचारलं होतं. काहीच न दाखवणारा हा ‘नल’ टोनी होअर यांनी १९६५ साली एका भाषेत आणला, आणि २००९ साली त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मुलांचं वेगळंच. “एररमध्ये काय लिहिलं होतं?” “काहीतरी एरर होता.” ओके दाबायचा त्यांचा वेग कौतुक करण्याजोगा आहे. त्या निरोपाखाली फायलीचं नाव आणि ओळीचा आकडा असतो, हे सांगितलं की त्यांना एखादं गुपित कळल्यासारखं वाटतं.

इथवरच्या अडचणी जगात कुठेही येतात. यानंतरची खास आपली.

तालुक्याच्या खोक्यात ‘नाशिक’ टाइप केलं, सेव्ह केलं, पट्टी परत उघडली तर तिथे ‘?????’. उपाय सोपा होता. डेटाबेसमधला रकाना ‘व्हारचार’ होता, तो ‘एनव्हारचार’ केला की मराठी टिकते. पण मुलगी चौकस. तिनं विचारलं, “काका, अक्षरं तीन आणि प्रश्नचिन्हं पाच कशी?” कारण युनिकोडच्या लेखी नाशिक पाच तुकड्यांचं आहे: न, काना, श, पहिली वेलांटी, क. डोळ्यांना वेलांटी श च्या आधी दिसते, साठवताना ती श नंतर असते. मग आम्ही दोघांनी हातातलं काम सोडून नवशिक्यांचा आवडता खेळ खेळून पाहिला, शब्द उलटा करायचा. पाचही तुकडे उलट्या क्रमानं मांडले आणि पडद्यावर आलं ‘किशान’. कांद्याच्या जिल्ह्याला इतकं शोभणारं उत्तर कॉम्प्युटरनं दिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. पेठचं ‘ठेप’ झालं. येवल्याची मात्र दशा झाली. शेवटचा काना सगळ्यांत पुढे आला, त्याला टेकायला अक्षर मिळेना, म्हणून विंडोजनं त्याच्याआधी ठिपक्याठिपक्यांचं एक गोल काढून दिलं, आणि त्यामागे ‘लवेय’.

जिल्ह्यात तालुके पंधरा. सगळ्यांत मोठं नाव पाच अक्षरांचं, असं बोटांवर मोजून तिनं तालुक्याच्या खोक्याला दहाची मर्यादा घातली होती. दुप्पट जागा ठेवल्याचं समाधानही होतं. दिवाणजी टाइप करत गेले आणि खोका ‘त्र्यंबकेश’ वर थांबला. पुढे कितीही कळा आपटा. त्र्यंबकेश्वर आपल्याला पाच अक्षरांचं दिसतं, पण पाय मोडलेली व्यंजनं, अनुस्वार, मात्रा धरून ते तेरा तुकड्यांचं आहे. मामांनी ज्योतिर्लिंगाला कात्री लागलेली पाहिली आणि मर्यादाच काढून टाकायला सांगितली. एक अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचे युनिकोडचे नियम आहेत. त्यांत देवनागरीचं जोडाक्षर मधूनच तोडू नये ही भर २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत पडली. पहिलीच्या बाई हे पाटीवर कधीपासून शिकवत आहेत.

पैशांचं थोडक्यात सांगतो. तिनं रक्कम ‘डबल’ प्रकारात ठेवली होती. त्या प्रकारात ०.१ मध्ये ०.२ मिळवले की ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो, कारण एक दशांश हा आकडा दोनच्या पायावरच्या मोजणीत पुरता बसत नाही. दिवसअखेरीस दिवाणजींची वही आणि पडदा यांत पैशाचा फरक पडायचा, आणि वही चुकते यावर खळ्यावरचं कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. बरोबरच होतं त्यांचं. ‘डेसिमल’ केलं, फरक गेला.

शेवटी उरली तारीख. मामांच्या मशीनवर विंडोज अमेरिकन पद्धतीवर होतं, आधी महिना, मग दिवस. ४ मार्चच्या पट्टीवर ३ एप्रिल पडायचा. शेतकऱ्याचे पैसे महिनाभर पुढे ढकलले जात होते आणि मामांची त्याबद्दल फारशी तक्रार ऐकू आली नव्हती. गंमत अशी की ही चूक बारा तारखेपर्यंत गुपचूप राहते. तेरा तारखेला तेरावा महिना सापडत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. मग मुलं म्हणतात, कालपर्यंत चालत होता. तारीख टाइप करून घेऊ नये, डेटटाइमपिकरमधून निवडायला लावावी. मजकुरातून वाचायचीच झाली तर आधी दिवस, मग महिना हे कोडमध्ये स्पष्ट लिहावं. आणि डेटाबेसमध्ये ती तारीख म्हणूनच ठेवावी, मजकूर म्हणून नाही. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, “अगं, एक्स्टर्नल यायच्या आत एवढं करून टाक.”

“एक्स्टर्नल चार एप्रिलला आहेत, काका,” ती म्हणाली. “चार-चार. कसंही वाचलं तरी तेच.”